गार इंजिनाची चावी

पौष वद्य तृतीया. कडाक्याची थंडी, गवतावर दव, ऊन अजून आलेले नाही. प्राणीही धंदापाणी करत, तेव्हाची ही गोष्ट. येसू आणि गोदा या घोरपडी बहिणी गालिचे धुऊन पोट भरत. त्या दिवशी सकाळी दोघी एका उदमांजराकडे, वडाखाली उभ्या असलेल्या ट्रकवर बसवलेले गालिचे धुण्याचे यंत्र घ्यायला गेल्या. बदल्यात राहती ढोली द्यायची होती. दुसरा आसरा नव्हता.

"तेल वेळच्या वेळी बदललंय, जाळी रोज धुतलीय," उदमांजर म्हणाले. "आठ दिवस मात्र चावी लावलेली नाही. तरी बघा, एका फटक्यात सुरू होईल."

येसू गारठली होती. सवयीने ती इंजिनावर चढली आणि पोट टेकून पसरली. फार बरे वाटले. मग एकदम बरे वाटेनासे झाले.

"भाऊ, आठ दिवस बंद आहे ना? मग ऊब कसली?"

"उन्हाची असेल, ताई."

"वडाखाली? एवढ्या सकाळी?"

गोदा वैतागली. "देव भेटला तरी तू त्याचे पाय तपासशील! फिरव चावी."

"निवू दे आधी. तापवून ठेवलेलं इंजिन कुणाचंही सुरू होतं. मी बसते."

"दुसरं गिऱ्हाईक वाटेवर आहे," उदमांजराने घाई केली.

"येऊ दे. तेही बसेल."

गिऱ्हाईक आले नाही. दुपारी येसूने पुन्हा पोट टेकले. लोखंड गार होते. गोदाने स्वतः चावी फिरवली. सात वेळा फिरवली. इंजिन सुरू झाले नाही.