अकरा शाली आणि पाच पट्टे

घाटाच्या तोंडाशी एक गाव होतं, आणि त्या गावात एक विणकरीण होती. वयाने लहान, पदरात दोन वर्षांची मुलगी, आणि डोक्यात सतत काहीतरी घोळत असलेलं. मुलगी जेवली की वाटायचं जास्त झालं, नाही जेवली की वाटायचं आजारी पडणार. लिहिता-वाचता येत होतं, त्यामुळे काळजी करायला गावातल्या इतर बायकांपेक्षा चार विषय जास्तच होते. हात मात्र असा, की तिने विणलेल्या कापडाची उलट बाजू कुठली आणि सुलट कुठली हे जाणत्यालाही सांगता येत नसे.

तीन वर्षांपूर्वी राजाची सीमेवरची लढाई संपली होती. लढून आलेले अकरा शिपाई या गावात राहायला आले, कारण इथे 'विसावा' होता. विसावा म्हणजे घोड्यांचा जुना तबेला. गावातला नालबंद, म्हणजे घोड्यांना नाल ठोकणारा, स्वतः वीस वर्षं फौजेत होता. त्याने आणि त्याच्या विधवा बहिणीने तो तबेला झाडून, सारवून या लोकांसाठी उघडला होता. नालबंद लाकडाचे पाय घडवायचा. बहिणीला सगळे आत्या म्हणायचे. आत्या रांधायची, जखमा धुवायची, आणि जो शिपाई कोणाशीच बोलत नसे त्याच्याजवळ बसून एकटीच बोलायची.

गाव काही कृतघ्न नव्हतं. दरवर्षी विजयाच्या दिवशी अकराही जणांना वेशीपासून वाजतगाजत देवळापर्यंत नेत. एकसष्ट पायऱ्या चढून वर गेलं की पाटील स्वतःच्या हाताने प्रत्येकाच्या खांद्यावर शाल घालत, नारळ देत. म्हाताऱ्या बायका डोळे पुसत. मग सगळे घरी जात, आणि पुढच्या वर्षापर्यंत विसाव्याकडे कोणी फिरकत नसे. आपण केलं, ही खात्री असल्यावर माणूस कशाला फिरकेल?

यंदा शालींचं काम विणकरणीकडे आलं. पाटलांनी लोकरीची टोपली घरी पाठवली आणि निरोप दिला, अकरा दिवसांत अकरा शाली. एवढं मोठं काम पहिल्यांदाच मिळालेलं. आनंद व्हायच्या आधी तिला काळजी लागली, की शाल आखूड पडली तर? पाटील सगळ्या गावासमोर शाल पांघरणार आणि ती कोणाच्या पाठीवर अर्धीच येणार. शालीचं माप घ्यायचं नसतं, हे तिलाही माहीत होतं. तरी ती मुलीला कडेवर घेऊन मापाची दोरी घेऊन विसाव्यावर गेली. अशी ती गेली, म्हणून पुढचं सगळं घडलं.

दारात आत्या तांदूळ निवडत होती.

"माप घ्यायला आलेय," विणकरीण म्हणाली. "शालींचं."

आत्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "शालींचं माप घ्यायला आजवर कोणी आलं नव्हतं. ये, बाई. हसत नाहीये मी."

आत शाली होत्याच. खिडकीला एक, पिठाच्या डब्यावर एक, आणि कोपऱ्यातल्या फडताळात घडी घालून ठेवलेल्या तीन वर्षांच्या बाकीच्या.

"खांदे दोनच आहेत, ताई," खाटेवर बसलेला एक तरुण शिपाई म्हणाला. "त्यावर किती मान ठेवणार?"

"फडताळातल्या वापरत का नाही? कापून दुसरं काही करता येईल की."

"मानाची शाल कापायची?" आत्या म्हणाली. "पहिल्या वर्षी यातल्या एकाने आपली शाल एका बाळंतिणीला दिली, तर गाव महिनाभर बोलत होतं. फडताळातल्यांना आम्ही आता हातच लावत नाही."

विणकरीण तरुण शिपायाच्या खांद्याचं माप घ्यायला वाकली, आणि तिला त्याचा पाय दिसला. गुडघ्याखाली लाकूड होतं. ते काथ्याच्या दोराने मांडीशी आवळून बांधलं होतं. दोराखालची कातडी सोलवटून लाल झाली होती, आणि एका जागी नुसती लाल नव्हती.

तिने मुलीचं तोंड दुसरीकडे वळवलं. मग आपणही वळलो, हे लक्षात येऊन पुन्हा पाहिलं.

"हे असं किती दिवस?"

"मागच्या विजयाच्या दिवसापासून. पायऱ्यांनी दोर घासला. महिनाभर पडून होतो. वैद्य म्हणाले, यंदा पुन्हा चिघळलं तर गुडघाही काढावा लागेल. गुडघा आहे तोवर मी चालतो. तो गेला, की मला उचलून न्यावं लागेल."

"मग यंदा जाऊ नका वर."

शिपाई हसला. "गाव बोलावतंय. नाही गेलो तर म्हणतील, लढून आला आणि माज चढला."

विणकरणीने आत्याला विचारलं, "दोराऐवजी काय हवं?"

आत्याच्या हातातलं सूप थांबलं. हा प्रश्न ती तीन वर्षं मनात तयार ठेवून असावी, कारण उत्तर लगेच आलं. "पट्टा. चार बोटं रुंद, खाटेच्या नवारीसारखा घट्ट, पण आतून मऊ. पाच जणांना लाकडी पाय आहेत. माझा भाऊ लाकूड घडवतो, चामडं शिवतो, पण विणणं त्याच्या हातात नाही."

घरी येईपर्यंत विणकरणीने हिशेब केला. शाली विणल्या तर पट्टे होत नाहीत. पट्टे विणले तर शाली होत नाहीत. माग एक, हात दोन, दिवस अकरा.

दुसऱ्या दिवशी ती पाटलांच्या ओसरीवर गेली. तिथे चार माणसं बसलेली होती, ती नसती तर बरं झालं असतं.

"यंदा शालींऐवजी पट्टे दिले तर?" तिने विचारलं, आणि दोराची गोष्ट सांगितली. सांगताना गुडघा म्हणायच्या जागी दोनदा कोपर म्हणाली.

पाटील माणूस वाईट नव्हते. शिपायांच्या खांद्यावर शाल घालताना ते प्रत्येकापुढे मनापासून मान झुकवत. "पोरी, पट्ट्याचं बघू मागाहून," ते म्हणाले. "पण भर देवळात राजाच्या शिपायाला मी काय देऊ? नवार?"

चौघे हसले. एकाने विचारलं, "खाट पण देणार का सोबत?"

ती तांबडी होऊन परतली. वाटेत तिला आठ चांगली उत्तरं सुचली.

मागासमोर बसून तिने लोकरीच्या टोपलीकडे पाहिलं. शाली विणल्या तर पुढच्या वर्षीही काम मिळेल. लोक म्हणतील, पोरगी गुणी आहे. पट्टे विणले तर पाटलांचा शब्द मोडल्यासारखं होईल, आणि मुलीला घेऊन याच गावात राहायचंय. आपण कोण लागून गेलो, हेही तिने स्वतःला विचारून पाहिलं. पण दर वेळी विचार फिरून त्या एका जागेवर येई, जी नुसती लाल नव्हती. शाल वर्षभराने दिली तरी शालच राहते. गुडघ्याचं तसं नव्हतं.

तिने गावाची लोकर बाजूला ठेवली आणि घरातलं स्वतःचं सूत मागावर चढवलं.

पहिला पट्टा फसला. तो ओढला की दोरीसारखा गुंडाळायचा. दुसरा इतका जाड झाला, की तरुण शिपाई म्हणाला, "ताई, हा पट्टा आहे की अजगर?" तिसऱ्या वेळी तिने आतल्या बाजूला सैल पिळाचं सूत घातलं. नालबंदाने त्याला चामड्याची पकड शिवली. शिपाई उठला, अंगणाच्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. पुन्हा एकदा टोकापर्यंत गेला.

पाच पट्टे होईपर्यंत अकरातले आठ दिवस सरले. तीन दिवस उरले. तीन शाली झाल्या असत्या, पण अकरा जणांत तीन शाली म्हणजे आठ जणांचा अपमान. तिने एकही विणली नाही.

विजयाच्या दिवशी ढोल वाजले. अकरा शिपाई एकसष्ट पायऱ्या चढून वर आले. पाटलांनी शालींसाठी हात पुढे केला, आणि विणकरणीने लोकरीची टोपली जशीच्या तशी त्यांच्यापुढे ठेवली.

ढोल आपोआप थांबले.

"शाली कुठायत?"

"विणल्या नाहीत."

"का?"

तिने यावर रोज एक भाषण तयार केलं होतं. त्यातलं एकही वाक्य वेळेवर आलं नाही. "पट्टे विणले," ती म्हणाली. "सूत माझं होतं. वेळ गावाचा घेतला. त्याची शिक्षा द्या."

गर्दीत कुजबुज झाली. कोणीतरी म्हणालं, शिकलेल्या बायकांचं हे असंच. पाटलांचा चेहरा उतरला. रागापेक्षा फजितीच जास्त होती त्यात. नारळ हातात, शाल नाही, आणि सगळं गाव बघतंय.

तेव्हा तो तरुण शिपाई पुढे आला. त्याने धोतर गुडघ्याच्या वर घेतलं. पट्टा दिसला, आणि पट्ट्याच्या कडेला दोराचे जुने वळ दिसले. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर तोंडाला लावला.

"पाटील," तो म्हणाला, "मागच्या साली इथे येताना मी एकेक पायरी मोजत होतो. यंदा मोजल्या नाहीत. याच्याशी गप्पा मारत आलो." त्याने शेजारच्याकडे बोट दाखवलं. "वर कधी पोचलो, कळलं नाही. असा मान मला आजवर कोणी दिला नव्हता."

मग गर्दीतून दोर वळणारा म्हातारा म्हणाला, "तो दोर मीच पाठवला होता. चांगला म्हणून पाठवला. बैलाचा." आणि खाली बसला.

पाटलांनी आत्याकडे पाहिलं. त्यांनी नारळ खाली ठेवला आणि विचारलं, "विसाव्याला अजून काय लागतं?"

"पुष्कळ," आत्या म्हणाली. "पण इथे सांगितलं तर पायऱ्या उतरेपर्यंत विसराल. उद्या सकाळी या सगळे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव आलं नाही. चौघं आली. दोर वळणारा म्हातारा आला, कुंभारीण आली, विणकरीण आली, आणि न्हावी आला. न्हावी दारातच म्हणाला, "मला काय, दाढीच करता येते."

"मग तीच करा," आत्या म्हणाली. "दोघांना हात नाहीत. मी करते तर रक्त काढते."

कुंभारीण न बोलणाऱ्या शिपायाजवळ शेंगा सोलत बसली. म्हाताऱ्याने पायऱ्यांसाठी कठड्याचा दोर वळायला घेतला, या वेळी आधी विचारून.

पाटील पाचव्या दिवशी आले. थोडा वेळ बाहेरच घुटमळले. आत्याने त्यांना बसायलाही सांगितलं नाही. एका शिपायाचा थकलेल्या पगाराचा अर्ज त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "कचेरीतून याला तीनदा हाकललंय. सोबत जा."

पाटील सोबत गेले. कारकुनाने पाटलांना पाहून उठून जागा दिली. पाटलांनी त्या जागेवर शिपायाला बसवलं आणि स्वतः काम होईपर्यंत मागे उभे राहिले. शाल घालताना कधी वाटलं नव्हतं ते त्या दिवशी उभ्या उभ्या त्यांना वाटलं. काय वाटलं, ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. पण पुढच्या आठवड्यात ते न बोलावता दुसरा अर्ज मागायला आले.

तरुण शिपायाचा गुडघा वाचला. पट्टे मात्र झिजतात, घामाने आणि चालण्याने. म्हणून दर तीन महिन्यांनी विणकरीण विसाव्यावर जाते, आणि जुने पट्टे जितके जास्त झिजलेले असतील तितकी खूश होऊन परत येते.

आता तात्पर्य, मुलांना सांगायचं तर सोपं आणि मोठ्यांना करायचं तर जरा अवघड: जे आपल्यासाठी लढले त्यांचा मान वर्षातून एकदा करून भागत नाही. त्यांना सांभाळणारी माणसं आपल्याच गावात असतात. त्यांच्या दारात जावं, काय हवं ते विचारावं, आणि आपल्या हाताला जे येतं ते पुन्हा पुन्हा करावं.