सीलबंद पुरणयंत्र

चिपळूणच्या यमुनाबाई खडपे यांनी पोस्टात तीस वर्षं पार्सलं सीलबंद केली होती. होळीसाठी त्यांनी ऑनलाइन पुरणयंत्र मागवलं, तर खोक्यात नुसते कागदाचे बोळे निघाले. कंपनीचा साहेब फोनवर तोऱ्यात म्हणाला, "मॅडम, सील शाबूत होतं ना? मग यंत्र आत होतंच. आमच्याकडून चूक होत नाही."

बाईंनी वाद घातला नाही. तेच बोळे त्याच खोक्यात भरले, वरून कापड शिवलं, लाखेचं सील ठोकलं आणि 'यंत्र परत' असं लिहून खोकं धाडून दिलं.

तिसऱ्या दिवशी साहेबाचा फोन आला. "मॅडम, खोक्यात यंत्र नाहीये!"

"सील शाबूत होतं?"

"होतं."

"मग आत असणारच," बाई म्हणाल्या. "नीट शोधा. तीस वर्षांत माझ्याकडूनही चूक झालेली नाही."