राईतला कौल

“एक खोटं बोललात तर देव काय खाणार आहे तुम्हाला?” निनादने विचारलं.

आबा गुरव देवराईतल्या पाषाणावरच्या, कौलासाठी लावलेल्या ओल्या पाकळ्या काढत राहिले.

निनाद शहरातला. राईतलं झाडन्झाड आबांकडून शिकला आणि ती वाचवायला उभा राहिला. पोरगा गुणाचा, पण आपल्याला सगळं कळलंय असं मानणारा. अशांची भीतीच वाटते.

“उद्या ग्रामसभा आहे, आबा. ठराव झाला की खाण येणार, राई जाणार. मी घरोघर हिंडलो. खाण कुणालाच नकोय, पण राईचं नाव काढलं की सगळे गप्प. तुम्ही फक्त सांगा, देवाने कौल दिलाय... खाणीच्या बाजूने हात वर करील त्याचा निर्वंश होईल.”

“आणि मग?”

“मग कुणाची छाती आहे?”

आबांनी ओठांवर बोट ठेवलं.

भर दुपार, तरी आत दिवेलागणीएवढा अंधार. रातकिडेसुद्धा थांबले होते...

पायवाटेने बाया आल्या. डोक्यावर हंडे, एकीमागे एक. अनवाणी पावलांचा आवाज येत नव्हता. प्रत्येकीने पदराचं टोक दातांत घट्ट धरलेलं. सर्वांत पुढे सरपंच प्रभावती.

“सरपंचबाई, उद्या सभेत बोलणार ना?” निनादने विचारलं.

एकीनेही मान वळवली नाही. प्रभावती त्याला घासून गेली. डोळे उघडे होते, पण तो तिला दिसतच नसावा. निनाद दचकून मागे सरला.

बाया झाडीत दिसेनाशा झाल्या.

“काय झालंय यांना?” तो कसाबसा म्हणाला.

“माझ्या बापाच्या वेळी गाव ही राई लाकडाच्या ठेकेदाराला विकायला निघालं होतं. बापाने देवाच्या नावाने सांगितलं, राईचा विषय जो काढील त्याचं घर बसेल. कौलबिऊल काही नव्हता. पण सौदा मोडला.”

“म्हणजे... राई वाचली.”

“वाचली. पण गावाचं तोंड तेव्हापासून मिटलंय.”



मग आबांनी निनादचा हात ओढून घेतला. त्या ओल्या पाकळ्या तळव्यावर ठेवल्या आणि त्याची मूठ मिटवली.

“बोल, आता तुझं खोटं सांगू?”