मायक्रोवेव्हची झूल

एका ओट्यावर तिघं नांदत होते: म्हातारा तवा, नवा मायक्रोवेव्ह आणि त्याच्या अंगावरची लोकरीची झूल. ती द्वारकाबाईंनी हौसेनं विणलेली, पार पाठीमागं लोंबणारी.

मायक्रोवेव्हला खोड लागली. भाजी अर्धी गरम झाली की धापा टाकून बंद पडायचा. मेकॅनिक यायचा तेव्हा मात्र परक्या माणसाला मळकी झूल कशी दाखवायची, म्हणून द्वारकाबाई ती काढून ठेवत. आणि हा ठणठणीत चालायचा!

सूनबाई वैतागली. "उद्या देतेच याला भंगारात."

मायक्रोवेव्ह रडकुंडीला आला. "तवोबा, मला झालंय तरी काय?"

"अरे, पाठीच्या भोकांनी तू श्वास घेतोस, तीच या झुलीनं बुजवलीत. सांग, बाजूला हो म्हणून."

"कसं सांगू? केवढ्या मायेनं पांघरूण घालते मला!"

"मग जा माया पांघरून भंगारात!"

झूल सगळं ऐकत होती. "मेल्या, आधी बोलायचंस की!" म्हणत ती सरसर घसरली, ती खाली मेथी निवडणाऱ्या द्वारकाबाईंच्या गुडघ्यांवर.

"अगंबाई, काय छान ऊब आहे!" म्हणत त्यांनी ती तिथंच ठेवून घेतली.

तेव्हापासून घरात भाजी गरम, सासूबाईंचे गुडघे गरम, आणि सूनबाईचं डोकं तेवढं थंड झालं.