भोक नसलेला गळका अंगरखा

“अंगरख्याला भोक कुठं आहे ते आत्ताच्या आत्ता दाखवा! नाहीतर अख्खी टोळी अंधारकोठडीत!”

सोनघाटचे वज्रसेन महाराज असे गरजले आणि तळ्याच्या बांधावर माती टाकणारे मजूर आपापले अंगरखे उलटेपालटे करून बघू लागले. भोक दाखवायचं कुठून? अंगरख्याला भोक नव्हतंच!

झालं होतं असं. भर पावसात बांधाचं काम निघालं. मजूर भिजू नयेत म्हणून महाराजांनी दरबारी शिंपी रंगोबाकडून मेणकापडाचे अंगरखे शिवून घेतले. गळ्यापासून घोट्यापर्यंत बंद, वर घट्ट टोपडं! स्वतः महाराज तो घालून गच्चीवर मुसळधार पावसात बसले आणि खडखडीत कोरडे उठले. पण मजुरांनी अंगरखे उतरवले, तर एकूण एक आतून चिंब!

“यांनीच कुठंतरी फाडलेत, महाराज!” रंगोबा म्हणाला. महाराजांचा पारा चढला तो तिथेच.

एवढ्यात कुदळ खांद्यावर टाकून गोजरा पुढे आली. ती टोळीतली सगळ्यांत तोंडाळ बाई.

“भोक सापडलंय, महाराज! पण ते खणणाऱ्यालाच दिसतं.”

“मग मी खणतो!”

“जमायचं नाही, महाराज. कुदळ जड आहे.”

“मला जमायचं नाही? आण इकडे!”

महाराजांनी अंगरखा चढवला, टोपडं नाकापर्यंत ओढलं आणि कुदळ हाणायला सुरुवात केली. धप्! धप्! धप्! दरबारी “वा! वा!” करत छत्र्या धरून भोवती नाचू लागले. थोड्याच वेळात महाराज किंचाळले, “गळतंय! पाठीवर गळतंय! अरे, काखेतसुद्धा! रंगोबा, धाव!”

रंगोबा धावला. त्यानं शिवण न् शिवण चाचपली. काही नाही!

“केवढा हा पाऊस!” महाराज धापा टाकत म्हणाले.

“कुठला पाऊस, महाराज?” गोजरानं विचारलं. “जरा टोपडं वर करा की!”

महाराजांनी टोपडं वर केलं. लख्ख ऊन पडलं होतं! पाऊस कधीचाच थांबला होता. दरबारी मुकाट्यानं छत्र्या मिटू लागले.

“मग हे पाणी आलं कुठून?”

“चाखून बघा.”

महाराजांनी ओठावरून जीभ फिरवली. “खारट!”

“तर! वरचं पाणी अडलं, महाराज, पण आतलं जाणार कुठून? ह्याला भोक नाही, हीच तर पंचाईत!”

महाराज कुदळीला टेकून उभे राहिले. “बरं बाई, मग भर पावसात खणताना तू काय घालशील?”

गोजरानं बांधाआडून आपलं इरलं आणलं. बांबूच्या कामट्या आणि पळसाची पानं विणून केलेलं ते छप्पर तिनं डोक्यावरून पाठीवर सोडलं आणि वाकून दोन घाव घातले. “हे बघा! पाठीला पाऊस लागत नाही, पोटाला वारा लागतो आणि दोन्ही हात मोकळे!”

“उद्यापासून सगळ्यांना इरली! आणि ह्या ढीगभर अंगरख्यांचं काय करू?”

“कापड झकास आहे, महाराज. जे नुसते बसून असतात, त्यांना वाटून टाका!”

सगळे मजूर दरबाऱ्यांकडे बघू लागले. दरबारी एकमेकांकडे बघू लागले. आणि महाराज? ते असे खदखदून हसले की अंगरख्याचे बंद तटातट तुटले! हसता हसताच त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढलं आणि गोजराच्या मनगटात चढवलं.