गप्प राहिलेली टिटवी

फार वर्षांपूर्वी एका माळावर एक टिटवी राहत होती. कोल्हा दिसला की ती ओरडायची आणि सगळे लपायचे. एकदा तिचं सशिणीशी कडाक्याचं भांडण झालं. त्याच दिवशी कोल्हा सशिणीच्या झुडपाकडे जाताना तिला दिसला, पण रागाच्या भरात ती गप्प बसली. सशिणीची दोन्ही पिल्लं गेली.

तेव्हापासून टिटवी तळ्यावर डोळे मिटून पाणी पिऊ लागली. पाण्यात स्वतःचं तोंड बघणं तिला सोसेना.

शेवटी ती सशिणीपुढे जाऊन उभी राहिली. "मला तो दिसला होता. मी मुद्दाम ओरडले नाही."

सशीण म्हणाली, "तुला माफ करणं मला जमायचं नाही, बाई."

"माफी मागायला नाही आले. तेव्हा माझा डोळा लागला होता, असं मी रोज स्वतःला सांगत होते. आता ते सांगवत नाही."

टिटवी तळ्यावर गेली आणि पाण्यात नीट बघत राहिली.

"हीच मी," ती पुटपुटली आणि पाणी प्यायली. मग सशिणीच्या रिकाम्या झुडपाशेजारी जाऊन ती राखणीला बसली.