जावईबापूंची बॅटरी

करंजवाडीत एक जावई होता. भोळा होता. दुसऱ्या कुठल्या गावात लोकांनी त्याला सरळ तसं म्हटलं असतं. पण हा राहायचा सासरच्या गावात, आणि सासरच्या गावात जावयाला भोळा म्हणायची सोय नसते. तिथे त्याला जावईबापू म्हणतात. नाव मुकिंदा.

लग्न जमवणाऱ्यानं सासऱ्यांना सांगितलं होतं, मुलगा सरळ आहे आणि सांगितलेलं ऐकतो. दोन्ही खरं निघालं.

सासरे म्हणजे नरहरतात्या. गाव त्यांना तात्या म्हणायचं, मुकिंदा मामा म्हणायचा. तात्यांनी चौतीस वर्षं ट्रक चालवला. अर्धा देश पाहिला. त्यांच्या बायकोनं, गोदाकाकूंनी, त्या चौतीस वर्षांत करंजवाडी पाहिली. तात्या दर खेपेला घरी आले की म्हणायचे, एकदा तुला समुद्र दाखवतो. गोदाकाकू दर खेपेला म्हणायच्या, बरं.

ट्रक सुटल्यावर तात्यांनी एक जुना टेम्पो घेतला आणि त्याच्या पाठीवर घर बांधलं. दोन बाकं, तीच रात्री झोपायला. एक शेगडी. पाण्याची टाकी. खिडकीला पडदा. दोन वर्षं त्यात खपले. गोदाकाकूंनी आतल्या भिंतीला देवाची तसबीर टांगली, तेव्हा घर पुरं झालं. फक्त एक वस्तू राहिली होती. टॉर्च. आमच्याकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात.

तात्या टेम्पोखाली पडून नट आवळत होते. तिथूनच ते म्हणाले, "जावईबापू, पेठेत जाऊन एक चांगली बॅटरी आणा. घरातही चालली पाहिजे आणि गाडीतही चालली पाहिजे."

मुकिंदा गेला. संध्याकाळी आला तो वाकलेला. खांद्यावर ट्रकची बॅटरी होती. वीस किलोची, ॲसिड भरलेली. शर्टाला दोन भोकं पडली होती. दुकानदाराला त्यानं नीट विचारून घेतलं होतं. गाडीत चालेल का? चालेल. घरात चालेल का? इन्व्हर्टरला लावली तर घरातही चालेल.

तात्यांनी बॅटरीकडे पाहिलं. मग भोकांकडे पाहिलं. दुसऱ्या कुणी आणली असती तर तात्यांनी ट्रकवाल्याच्या भाषेत बोलायला सुरुवात केली असती. पण समोर जावई होता.

"चुकलं माझं, जावईबापू," ते म्हणाले. "मी टॉर्च म्हणायला हवं होतं."

"म्हटलं असतं तर तीच आणली असती," मुकिंदा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी हातानं आकार दाखवला. बटण कुठे असतं ते सांगितलं. तोंडाला काच असते हेही सांगितलं. आणि बजावलं, की नुसती उचलून आणू नका, लावून बघा, उजेड पडतोय का बघा, मगच घ्या.

मुकिंदा पेठेतल्या मुथाशेठच्या दुकानात गेला. भर दुपार होती. दुकानाच्या पायरीवर उन्हात उभं राहून त्यानं एक टॉर्च लावली आणि रस्त्यावर मारली. रस्त्यावर काही फरक पडला नाही. दुसरी लावली. तिसरी लावली. मुथाशेठनं अकरा टॉर्च दिल्या. मुकिंदानं अकरा परत केल्या. तो रिकाम्या हातानं घरी आला आणि म्हणाला की मामा, सगळा माल खराब आहे, एकीचाही उजेड पडत नाही.

तात्या थोडा वेळ पाना पुसत राहिले.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "मी सांगायला हवं होतं. आधी अंधार करून घ्यायचा, आणि मग वस्तू पारखायची."

"सांगितलं असतं तर केलं असतं," मुकिंदा म्हणाला.

दोन दिवसांनी त्याला परत पेठेत जायचं होतं. टॉर्च आणायचीच होती. शिवाय गोदाकाकूंनी प्रवासाला एक पातळ मागितलं होतं, मोरपंखी रंगाचं. लग्नानंतर त्यांनी रंग सांगून मागितलेलं हे पहिलंच पातळ.

टॉर्च मुकिंदानं बिनचूक घेतली. मुथाशेठच्या गल्ल्याखाली पोतं डोक्यावर घेऊन बसला आणि पोत्यात उजेड पाडून बघितला. मुथाशेठनं हात जोडले. मग मुकिंदा कापडाच्या दुकानात गेला. तिथे त्यानं दार लावायला सांगितलं. दिवे घालवायला सांगितले. दुकानातल्या बायकांना वाटलं वीज गेली. त्या चाचपडत बाहेर पडल्या. मुकिंदानं अंधारात हात फिरवून फिरवून एक कापड निवडलं.

घरी पुडी सोडली तर गादीच्या खोळीचं कापड निघालं. लाल पट्ट्यांचं.

गोदाकाकूंनी कापडावरून हात फिरवला. त्याही सासूच होत्या. त्यांनी कापड घडी करून ठेवलं आणि म्हणाल्या की जाडजूड आहे, टिकेल. मग जावयाला पुढच्या वेळी उपयोगी पडावं म्हणून त्यांनी त्याला मायेनं समजावलं. कपडा दिवसाउजेडी घ्यावा. आणि कुठलीही नवी वस्तू घरात आली की आधी रात्रभर बादलीत भिजत घालावी. सकाळी बघावं. रंग पक्का असेल तर राहतो, नाहीतर जातो.

मुकिंदा म्हणाला, हे बरं झालं सांगितलंत.

सकाळी तात्या अंघोळीला गेले. बादलीत टॉर्च होती. मुकिंदा मागेच उभा होता. त्यानं ती काढली, पंच्यानं पुसली, उजेडात धरून सगळ्या बाजूंनी निरखली आणि समाधानानं सांगितलं की रंग पक्का आहे.

रंग पक्का होता. उजेड गेला होता.

या वेळी तात्यांना चूक कबूल करायला थोडा वेळ लागला. त्यांनी आधी अंघोळ केली. मग ते स्वतः चप्पल घालून निघाले आणि जावयाला बरोबर घेतलं. न घेऊन कसं चालेल? टॉर्च आणायचा मान त्याला दिला होता.

मुथाशेठनं मुकिंदाला बघून आधी पोतं लपवलं. तात्यांनी सांगितलं, भारीतली नको, भरवशाची द्या. पाण्यात पडली तरी चालली पाहिजे. हातातून निसटली तरी फुटता कामा नये. सेल असे हवेत की आडगावच्या टपरीवरही मिळतील. आणि म्हाताऱ्या माणसालाही अंगठ्यानं दाबता येईल असं बटण हवं. मुथाशेठनं एक काळी, जाड, रबरी सालीची टॉर्च काढली. तिला बादलीत बुडवलं. फळीवरून खाली टाकलं. दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या बोळात तिचा झोत मारून दाखवला, तर बोळाच्या टोकाला झोपलेलं कुत्रं उठून बसलं. तात्या खूश झाले. चौतीस वर्षांत इतकी चांगली टॉर्च त्यांनी पाहिली नव्हती.

घरी आल्यावर ती त्यांनी जावयाच्या हाती सोपवली. म्हणाले, आता ही तुमची जबाबदारी. कुठेही ठेवा, पण अंधार पडल्यावर पटकन सापडली पाहिजे.

तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला वीज गेली. तात्यांनी टॉर्च मागितली. टॉर्च लगेच सापडली, कारण ती फडताळात पेटलेली होती. तीन दिवस पेटलेली होती. हातात घेईपर्यंत ती पिवळी झाली, मग तांबूस झाली, मग विझली. मुकिंदा म्हणाला की सापडली मात्र पटकन.

"चुकलं माझं," अंधारातून तात्या म्हणाले. "काम झालं की कुठलीही गोष्ट ताबडतोब बंद करावी. मी सांगायला हवं होतं."

अंधारातून उत्तर आलं, "सांगितलं असतं तर केली असती."

नवे सेल घातले आणि निघायचा दिवस ठरला. तात्यांना वाटत होतं की दोघांनीच जावं. पण मुकिंदाची बायको, शेवंता, बापाला म्हणाली की वाटेत पुरुषमाणूस सोबतीला असलेला बरा, यांना घेऊन जा. ती स्वतः येणार नव्हती. तिला चार दिवस विश्रांती हवी होती. टेम्पो निघाला तेव्हा ती वेशीपर्यंत आली आणि टेम्पो वळेपर्यंत हात हलवत राहिली. इतक्या आनंदात तिला गावानं कधी पाहिलं नव्हतं.

गोदाकाकू मागच्या घरात खिडकीशी बसल्या होत्या. जे दिसेल ते बघत होत्या. ऊस बघितला, पूल बघितला, वीटभट्टी बघितली. दुपारी एका झाडाखाली थांबून त्यांनी शेगडीवर भात टाकला आणि जावयाला म्हणाल्या, उकळी आली का तेवढं बघा. मुकिंदानं बघितलं. उकळी आली. काम झालं. त्यानं शेगडी बंद केली. तिघांनी तो भात चावून चावून खाल्ला. तात्यांनी चूक कबूल केली, पण मोजक्या शब्दांत, कारण तोंडात दाणे होते.

दिवस मावळताना ते एका धरणापाशी पोचले. समुद्र अजून पाच-सहा तासांवर होता. गुरं हाकत चाललेल्या एका माणसानं सांगितलं की खाली पाण्याच्या अलीकडे मोकळं माळरान आहे, तिथे मुक्काम करा. तात्यांनी टेम्पो खाली घेतला. अंधारून आलं होतं. टेम्पोच्या पाठीवर घर, त्यामुळे मागचं काही दिसत नव्हतं. आरशात नुसता काळोख.

सकाळी परत वर चढायला सोपं जावं म्हणून टेम्पो तोंड रस्त्याकडे करून लावायचा होता. तो मागे मागे घ्यायला हवा होता. गोदाकाकू दिवसभराच्या दमणुकीनं आत बाकावर आडव्या झाल्या होत्या. तात्यांनी विचार केला. या खेपेला काही सांगायचं राहून जाऊ नये म्हणून त्यांनी इंजीन बंद केलं आणि जावयाला समोर उभं करून सावकाश सांगितलं.

"जावईबापू, बॅटरी घेऊन मागे उभे राहा. मागे झोत मारा. मोकळं दिसेल तोवर येऊ द्या म्हणायचं. काही उभं दिसलं, झाड, खांब, दगड, माणूस, जनावर, की थांबा म्हणायचं. कळलं?"

मुकिंदाला कळलं. त्यानं ते सगळं परत म्हणून दाखवलं. एकही शब्द चुकला नाही. तात्यांना बरं वाटलं.

मुकिंदानं मागे झोत मारला. टॉर्च खरंच चांगली होती. झोत लांबच्या लांब गेला. झाड नव्हतं. खांब नव्हता. सगळं मोकळं आणि सपाट होतं, नुसतं लखलखत होतं.

"येऊ द्या," मुकिंदा म्हणाला.

तात्यांनी टेम्पो मागे घेतला.

"येऊ द्या. येऊ द्या."

चाकं जरा मऊ लागली. तात्यांना वाटलं, भुसभुशीत जमीन असेल. त्यांनी थोडा जोर दिला. मागून चुबूक चुबूक आवाज आला. तात्यांना वाटलं, टाकीतलं पाणी हिंदकळतंय.

"येऊ द्या. अजून पुष्कळ जागा आहे, मामा. येऊ द्या."

इंजिनानं दोन उचक्या दिल्या आणि ते बंद पडलं. तात्यांनी दार उघडलं. पाणी आत आलं. त्यांनी मागे पाहिलं, तर मुकिंदा छातीभर पाण्यात उभा होता. टॉर्च त्यानं डोक्यावर धरली होती आणि झोत अजून मागेच होता.

मागच्या घरात गोदाकाकूंना जाग आली. त्यांनी खिडकीचा पडदा सारला. जिकडे बघावं तिकडे पाणी. पलीकडचा काठ दिसत नव्हता. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "अहो, समुद्र आला का?"

 तात्या केबिनच्या खिडकीतून टपावर चढले, गोदाकाकूंना हात देऊन वर घेतलं, देवाची तसबीर वर घेतली, आणि मग जावयाकडे वळले.

"जावईबापू, मागे पाणी होतं."

"होतं की."

"मग थांबा का नाही म्हणालात?"

"काही उभं दिसलं की थांबा म्हणायचं होतं," मुकिंदा म्हणाला. "पाणी उभं नव्हतं, मामा. आडवं पडलं होतं."

तात्या टपावर बसले. त्यांनी मनातल्या मनात सगळे शब्द पुन्हा तपासले. पाणी राहिलंच होतं.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "पाणी दिसलं की थांबवायचं. मी सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतं तर थांबवलं असतं."

पाण्यात उजेड बघून जवळच्या वस्तीवरून आनंदा पाटणे नावाचा शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला. भला माणूस होता. दोर आणला होता. दोर बांधायला ट्रॅक्टर पाठमोरा आणायला हवा होता. मुकिंदा पाण्यातून बाहेर आला आणि टॉर्च घेऊन पुढे झाला. झोत मारला, लांबून पाणी दिसलं, आणि त्यानं ट्रॅक्टर थांबवला. दीडशे फुटांवर. दोर होता चाळीस फूट. आनंदा म्हणाला, अजून मागे घेतो. मुकिंदा म्हणाला, पाणी दिसतंय. आनंदानं चार वेळा विचारलं. मुकिंदानं चार वेळा तेच सांगितलं.

शेवटी तात्या टपावरून ओरडले. लग्नापासून आजवर त्यांनी जावयावर पहिल्यांदाच आवाज चढवला. "जावईबापू, त्याला येऊ द्या. पाण्याकडे बघू नका."

मुकिंदानं पाण्याकडे पाठ फिरवली. टॉर्चचा झोत डोंगरावर धरला. डोंगर स्वच्छ दिसत होता. आणि डोंगराकडे बघत त्यानं मनापासून हाक दिली, "येऊ द्या. येऊ द्या. येऊ द्या."

आनंदा परगावच्या पाहुण्यावर विश्वास ठेवणारा माणूस होता. तो येत राहिला. ट्रॅक्टर टेम्पोच्या बाजूनं पाण्यात आणखी मागे गेला, गाळात बसला, सीटपर्यंत बुडाला आणि राहिला. आनंदा टेम्पोच्या टपावर चढून तात्यांशेजारी बसला. गोदाकाकूंनी त्याला पदरानं डोकं पुसायला सांगितलं, मग पदरही ओला आहे हे लक्षात येऊन त्या तो पिळायला लागल्या. चौघांत एक टॉर्च तेवढी शाबूत होती. ती पाण्यात दोनदा पडली, एकदा दगडावर आपटली, पण उजेड तसाच लख्ख होता.

थोड्या वेळानं वरच्या रस्त्यावर पिवळा दिवा फिरताना दिसला. आरडाओरडा वस्तीवर पोचला होता आणि आनंदाच्या भावानं जेसीबी आणला होता. काठावरून मुकिंदानं टॉर्च टपाकडे वळवली. तात्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. या वेळी चूक होऊ नये म्हणून त्यानं आधीच विचारून घेतलं.

"मामा, जेसीबी येतोय. याला बघून येऊ देऊ, का न बघता?"